मिस्त्रीचं बारदान

पत्र:

सर, नमस्कार. लातूर एमआयडीसीत आमची तुरीची डाळमिल आहे. वडिलांनी तीस वर्षांपूर्वी उभी केली. मी पुण्यात एमबीए केलं, तीन वर्षं नोकरी केली आणि आता मिल बघतो. हमाल, निवडणाऱ्या बायका, मिस्त्री, ऑफिस असं सगळं धरून साठ-पासष्ट माणसं. गेल्या दिवाळीला मी ‘नवकल्पना योजना’ जाहीर केली. गेटजवळ पेटी लावली, सर्वोत्तम कल्पनेला ५,००० रुपये बक्षीस ठेवलं. आठ महिन्यांत अकरा चिठ्ठ्या आल्या. चार कॅन्टीनच्या चहाबद्दल, दोन संडासाच्या दाराबद्दल, एकीत उचल मागितलेली, तीन चिठ्ठ्यांत ‘मोठा कलर सॉर्टर घ्या’ (रंग बघून दाणे निवडणारं यंत्र) आणि एक कोरी. दर सोमवारी मीटिंग घेतो, सगळे माना डोलावतात आणि जातात. (आमचे जुने मिस्त्री चाचा तर असे, की डाळ वर उचलून नेणाऱ्या एलिव्हेटरच्या तोंडाखालच्या पत्र्यावर बारदानाचा तुकडा बांधून ठेवायचे. गिऱ्हाइकाच्या ऑडिटआधी मलाच ते काढून फेकावं लागलं. यांच्याकडून काय नवीन होणार?) पुण्याचे एक सल्लागार सहा लाखांत ‘इनोव्हेशन सेल’ उभा करून देतो म्हणतात. वडील म्हणतात, ‘आपण डाळ विकतो, आयडिया नाही.’ मी काय करावं?

– एक वाचक, लातूर

उत्तर:

तुमच्या पत्रातलं सगळ्यात मोलाचं वाक्य तुम्ही कंसात टाकलंय.

मी डाळमिलचा माणूस नाही. माझी नोकरी गेली संभाजीनगरजवळ वाळूजला, प्रेस शॉपमध्ये (पत्रा दाबून पार्ट काढतात तिथे) आणि टूलरूममध्ये (त्याचे साचे बनवतात तिथे). पण उघड्या पत्र्यावर उंचावरून काही पडत राहिलं की काय होतं, एवढं कळतं. एलिव्हेटरच्या तोंडातून डाळ खाली येते, पत्र्यावर आपटते, कडा उडतात, दाणा दुभंगतो. तो माल चाळणीवर वेगळा होतो आणि तुकडा म्हणून कमी भावाने जातो. चाचांनी बारदान बांधलं ते डाळ मऊ जागी पडावी म्हणून. कोणी सांगितलं नव्हतं, मीटिंग झाली नव्हती, बक्षीस नव्हतं. त्यांना रोज तो आवाज ऐकू येत होता आणि त्याचा त्रास होत होता, बस.

आता तुमची बाजूही खोटी नाही. बारदानाचे धागे डाळीत येतात, त्यात धूळ आणि किडे बसतात. खाण्याच्या मालाच्या वाटेत ते चालणार नाही, ऑडिटरने बोट ठेवलंच असतं. म्हणजे चाचांचं निदान बरोबर होतं, औषध चुकलं होतं. तुम्ही औषधाबरोबर निदानही उकिरड्यावर टाकलंत. त्या जागी खाद्यपदार्थाला चालणाऱ्या रबराचं अस्तर लावता आलं असतं, किंवा पत्र्याला उतार देऊन पडण्याची उंची कमी करता आली असती. एका दिवसाचं वेल्डिंग. नवकल्पना ‘सांभाळणं’ असं ज्याला म्हणतात, त्यातलं निम्मं काम हेच असतं. माणूस उपाय घेऊन येतो, उपाय बहुतेक वेळा ओबडधोबड असतो, आणि त्याच्या पोटात एक अस्सल प्रश्न असतो. तो प्रश्न बाहेर काढून जपायचा.

हिशोब करून बघा. समजा तुम्ही दिवसाला २०० क्विंटल तूर भरडता आणि ७० टक्के डाळ पडते, म्हणजे १४० क्विंटल. त्यातला अर्धा टक्का तुकडा जरी वाचला तरी ७० किलो. अख्खी डाळ आणि तुकडा यांच्या भावात किलोला ३० रुपयांचा फरक धरा. दिवसाला २,१०० रुपये, पंचवीस दिवसांचे ५२,५०० रुपये. तुमचे आकडे वेगळे असतील, ते घालून बघा. सल्लागाराच्या सहा लाखांशी तुलना मी करत नाही, तुम्हीच करा.

हे बारदान पेटी लावायच्या आधी फेकलंत की नंतर, ते लिहिलेलं नाही. आधी फेकलं असेल तर पेटी रिकामी राहणारच होती. नंतर असेल तर पेटीचं तोंड तुम्हीच शिवलंत. साठ माणसांच्या मिलमध्ये अशी गोष्ट दुपारच्या डब्यापर्यंत सगळ्यांना कळते. जुन्या मिस्त्रीने केलेली गोष्ट मालकाच्या पोराने न विचारता फेकली, मग आपली चिठ्ठी कोण वाचणार?

त्या अकरा चिठ्ठ्याही मला टाकाऊ वाटत नाहीत. माणसं आधी स्वस्तातली गोष्ट मागून बघतात. चहा सुधारला का? संडासाच्या दाराला कडी बसली का? पत्रावरून वाटतं, नाही. दोनशे रुपयांची कडी आठ महिन्यांत बसत नसेल, तर मशीनच्या सेटिंगबद्दल कोण तोंड उघडेल? निवडायला बायका आहेत म्हणता, तर ते दार कोणासाठी महत्त्वाचं आहे हेही ओळखा. हे पत्र छापून येईपर्यंत कडी बसलेली असू द्या.

कोरी चिठ्ठी कोणी गंमत म्हणूनही टाकली असेल. पण ज्याला लिहिता येत नाही, किंवा येतं पण मालकाला लिहून द्यायचा संकोच वाटतो, त्याने काय करावं? हमालाच्या हाताला कळतं की पोतं कुठे अडतंय, पण ते चार ओळींत मांडायला सांगितलं की त्याची वाचा बसते. तो दाखवेल. ‘हितं बघा मालक, हितं’ म्हणून जागेवर नेईल. म्हणून सोमवारची मीटिंग बंद करा आणि तोच अर्धा तास रोज पाच-सात मिनिटं करून मशीनपाशी उभे राहा. हातात मोबाइल नको. पहिले पंधरा दिवस कोणी काही बोलणार नाही, छोटे मालक नजर ठेवायला आलेत असंच वाटेल. थांबा.

पेटीची कल्पनाच वाईट आहे असं नाही. टोयोटाने १९५१ साली कामगारांच्या सूचनांची योजना सुरू केली, तीही अमेरिकेत फोर्डच्या कारखान्यात पाहून आल्यावर. म्हणजे उसनवारीचीच. पण तिथे सूचना छोट्या असतात, वरिष्ठ माणूस ती नीट मांडायला आणि बसवायला हात लावतो, आणि बहुतेक अमलात येतात. बक्षीस किरकोळ असतं. तुम्ही नेमकं उलट केलंत. एका ‘सर्वोत्तम’ कल्पनेला पाच हजार म्हटलं की बाकीचे सगळे हरणारच. शिवाय मिलमधली सुधारणा एकट्याची कधी असते? मिस्त्री सुचवतो, हेल्पर पत्रा धरतो, चाळणीवरची बाई सांगते की आज तुकडा कमी आलाय. पाच हजार कोणाला देणार? भांडणं लागतील. जी गोष्ट करून पाहिली, ती चालो न चालो, तिच्यात हात असलेल्या सगळ्यांना दोनशे-दोनशे रुपये त्याच दिवशी द्या. आणि सूचना घ्यायची नसेल तर आठ दिवसांत तोंडावर सांगा, का नाही ते. ‘बघू’ हा शब्द मिलमध्ये बंद करून टाका.

आता मुख्य गोष्ट. कोणत्याही कारखान्यात नवं काही होईल की नाही, हे मला एकाच प्रश्नावरून कळतं: प्रयोग फसला तर नुकसान कोणाच्या नावावर पडतं?

स्वतःचंच सांगतो. वाळूजला एका कारखान्यात एका प्रेसवर पार्ट डायला, म्हणजे साच्याला, चिकटायचा. ऑपरेटर दर वेळी पितळी सळईने तो उचकटून काढायचा. हवेचा झोत मारून पार्ट उडवावा असं मला वाटलं. ऑपरेटर भला माणूस, तयार झाला. सकाळच्या पाळीत तीन तास आम्ही खटपट केली. नोझलचा कोन जमेना, पार्ट उडून गार्डमागे अडकायला लागला. अकराच्या सुमारास सोडून दिलं. महिनाअखेरीला त्याच्या पगाराच्या स्लिपमध्ये इन्सेन्टिव्ह ३४० रुपयांनी कमी. त्या दिवसाचं उत्पादन कमी, म्हणून. रजिस्टरच्या कारणाच्या रकान्यात ‘टूलरूम ट्रायल’ असं लिहायचं राहून गेलं होतं, आणि लिहायचं काम माझं होतं. तो एक शब्द बोलला नाही. पण पुढे दोन वर्षं त्या शॉपमध्ये मी कुठल्याही प्रेसजवळ गेलो की उत्तर ठरलेलं: ‘साहेब, मशीन बरी चाललीय, राहू द्या.’

तुमच्याकडे हमालांची टोळी पोत्यावर पैसे घेत असणार. मग प्रयोगासाठी लाइन दोन तास थांबली की त्यांची मजुरी बुडाली. निवडणाऱ्या बायका किलोवर असतील तर त्यांचंही तेच. अशा माणसाला ‘नवा विचार करा’ म्हणणं म्हणजे ‘स्वतःच्या खिशातून माझी मिल सुधारा’ म्हणणं आहे. तेव्हा कीर्दीत एक नवं खातं उघडा: प्रयोग खातं. महिन्याला दहा-पंधरा हजार, तुम्हाला झेपेल तेवढे. प्रयोगात लाइन थांबली तर टोळीला त्या वेळेची सरासरी मजुरी या खात्यातून. माल बिघडला तर तोही यात. महिनाअखेरीला हे खातं शिल्लक राहिलं, तर मी म्हणेन त्या महिन्यात तुमचं काम कमी पडलं.

टाटा समूहात नवकल्पनांची स्पर्धा होते, तिच्यात फसलेल्या धाडसी प्रयत्नांसाठी ‘डेअर टू ट्राय’ नावाचं वेगळं बक्षीस आहे. ते तुम्ही उचलावं असं माझं म्हणणं नाही, लातूरच्या मिलमध्ये ढाल देऊन अपयशाचा सत्कार केला तर लोक हसतील. मजुरी बुडू दिली नाही तरी पुष्कळ झालं.

आणि एक भीती आहे, ती तुम्हाला कोणी बोलून दाखवणार नाही. कलर सॉर्टर मागणाऱ्या तीन चिठ्ठ्या कोणी लिहिल्या असतील? निवडणाऱ्या बायकांनी खासच नाही. ते यंत्र आलं की हाताने निवडण्याचं काम उठतं, हे त्यांना तुमच्याआधी माहीत आहे. माझ्याच सुचवण्याने माझ्या शेजारणीचा रोजगार जाणार असेल, तर मी गप्प बसेन. तेव्हा आधी शब्द द्या: मिलमधल्या माणसाने सुचवलेल्या सुधारणेने कोणाचं काम गेलं, तर त्याला मिलमध्येच दुसरं काम मिळेल. देता येत नसेल तर देऊ नका. पण मग सूचनांची अपेक्षाही सोडा.

प्रयोग कसा करायचा, याबद्दल फार पांडित्य नको. एकाच लॉटचे दोन भाग करा, एक नेहमीसारखा, दुसऱ्यात एकच बदल. दोन्ही एकाच दिवशी. तुमच्या धंद्यात हे फारच लागतं, कारण तेल लावून मुरवलेली तूर पटांगणावर वाळते, आणि ढगाळ दिवसाचा माल कडक उन्हातल्या मालाशी ताडून पाहिला तर हाती खोटंच येणार. वाणही एकच हवं. पांढरी बीडीएन ७११ एका भागात आणि लाल ७१६ दुसऱ्यात गेली, तर जे दिसेल ते कशामुळे, हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. एक जाड वही करा. काय बदललं, काय बघायचं, कोणत्या तारखेला थांबायचं, हे आधी लिहायचं. डाळ किती, तुकडा किती, चुनी (भरडताना निघणारा चुरा) किती, हे नंतर. थांबायची तारीख विसरू नका. मालकाची लाडकी कल्पना कधीच फसत नाही, तिला नुसती मुदतवाढ मिळत राहते.

वही उघडाल तेव्हा पहिलं पान जुन्या गोष्टीचं असू द्या. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावं लागलं, तेव्हा तुम्ही शाळा-कॉलेजात असाल. मिल तेव्हा कशी चालली? तुरीवर पाणी मारायचं ते कमी कसं केलं, मशीन कशाने पुसली, टँकर किती दिवसांनी यायचा? चाचांना विचारा, वडिलांना विचारा. त्या उन्हाळ्यात तुमच्या मिलमध्ये चार-दोन गोष्टी नक्की नव्या झाल्या असणार, आणि पाऊस पडल्यावर त्या विसरल्याही गेल्या असणार. त्यातली एखादी आजही पैसे वाचवत असती.

सल्लागाराबद्दल थोडक्यात. साठ माणसांच्या मिलला ‘सेल’ लागत नाही. सेल झाला की नवं करायचं काम सेलचं, बाकीचे सुटले. बाहेरचं डोकं लागेलच, पण नेमका प्रश्न घेऊन जा. डाळीचा उतारा, तेल-पाण्याचं प्रमाण, वाळवण असा प्रश्न असेल तर परभणीला कृषी विद्यापीठाचं अन्नतंत्र महाविद्यालय आहे, म्हैसूरला सीएफटीआरआय ही केंद्राची अन्नतंत्र संशोधन संस्था आहे, डाळ भरडण्यावर तिथे पुष्कळ काम झालंय. एखादा सुटा भाग नीट बनवून घ्यायचा असेल तर संभाजीनगरला इंडो-जर्मन टूल रूम आहे. तिथेच ‘मॅजिक’ नावाचं इन्क्युबेशन केंद्र आहे, नव्या उद्योगांना हात देणारं. पण तो पुढचा टप्पा. तुमचा प्रश्न आज पत्रा आणि बारदान एवढाच आहे.

शेजारची मिल कल्पना उचलेल ही धास्तीही असेलच. उचलणारच. तुमचाच फिटर संध्याकाळी तिकडे काम करतो. पेटंट वीस वर्षांचं मिळतं, पण त्यासाठी गोष्ट खरोखर नवी लागते आणि अर्जाआधी ती चारचौघांत उघड झालेली नसावी लागते. पत्र्याच्या अस्तरासाठी त्या फंदात पडू नका. शेजारी सहा महिन्यांनी गाठेल, तोवर तुमची पुढची गोष्ट चालू झालेली असावी.

आता वडील. ‘आपण डाळ विकतो, आयडिया नाही’ हे अर्धं बरोबर आहे. ज्या कल्पनेने डाळ चांगली, स्वस्त किंवा वेगळी होत नाही, ती तुमच्या कामाची नाही. पण त्यांना पटवायचं असेल तर पुण्याची उदाहरणं देऊ नका, जालन्याचं द्या. बद्रीनारायण बारवाले बियाणंच विकायचे. सुरुवात भेंडीच्या बियाण्याने. ते शेतकऱ्यांच्याच रानात तयार करून घ्यायचं, ही त्यांची रीत. १९६४ साली त्यांची महिको ही बियाणे कंपनी उभी राहिली आणि १९९८ साली त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. तुमच्या वडिलांना ही भाषा कळेल, कारण नवं वाण कोणी पहिल्या वर्षी अख्ख्या रानात पेरत नाही. आधी चार गुंठ्यांत. प्रयोग खात्याला त्यांच्यापुढे ‘चार गुंठे’ म्हणा, दहा-पंधरा हजार देतील.

आणि मालाचं वेगळेपण हे तुमचं आणि त्यांचं काम आहे, ते पेटीतून येणार नाही. तुमच्याच जिल्ह्यात निलंगा तालुक्यातल्या बोरसुरीच्या तूरडाळीला भौगोलिक मानांकन मिळालंय. तसला माल वेगळा भरडून, वेगळा भरून, जास्त भावाने विकायचा विचार तुमच्या डोक्यात येऊ शकतो. पण तो लॉट एलिव्हेटरमध्ये, टाकीत, चाळणीवर दुसऱ्या तुरीत मिसळू न देता शेवटपर्यंत न्यायचा कसा, हे तुम्हाला सांगता येणार नाही. ते पुन्हा चाचांनाच विचारावं लागेल.

तेव्हा सुरुवात तिथूनच करा. ‘चुकलं माझं’ असं म्हणायचं की नाही ते तुम्ही ठरवा. मोठ्या माणसाला एवढंच विचारलं तरी पुरतं की ‘चाचा, ते बारदान काढल्यापासून तुकडा वाढला का?’ आकडा त्यांच्याकडे असणार. सोबत चहा घेऊन जा. कॅन्टीनचा नको, त्याबद्दल चौघांनी लिहून दिलंय.